पॉझिटिव्ह म्हणजे काय रे भाऊ?

कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात कुठल्याही दुखण्याचं कारण आधीच ठरलेलं असतं. ट्रेन! सकाळी बोटं आखडतात? दांड्याला लटकून. थकवा जात नाही? खोपोली ते दादर रोज करून बघा म्हणजे कळेल. खालापूर तालुक्यातल्या माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षं हेच ऐकलं. शेवटी निदान झालं ते ल्युपसचं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं आणि हातात रिपोर्ट : एएनए पॉझिटिव्ह, अँटी-रो पॉझिटिव्ह. सासूबाईंचा प्रश्न एकच, ‘मूल होईल ना गं?’

तर दोस्तहो, ल्युपस, शोग्रेन, आमवात या आजारांत आपली इम्युनिटी सोसायटीच्या त्या अतिउत्साही वॉचमनसारखी वागते. घरच्यांनाच चोर समजून धरते. ल्युपसच्या दहा पेशंटमागे नऊ बायका, आणि बहुतेकींना तो गाठतो नेमका करिअर-लग्न-बाळ या वयात.

एएनए बघून घाबरू नका. तो ठणठणीत माणसांतही पॉझिटिव्ह येतो. खरी मेख अँटी-रोमध्ये आहे. आईच्या अँटीबॉडीज नाळेतून बाळाकडे जातात, ही निसर्गाची फुकट लसच. पण त्याच कुरिअरने अँटी-रोसुद्धा पोचते! अशा शंभर गर्भारपणांत साधारण दोनदा ती बाळाच्या हृदयाचं वायरिंग बिघडवते. मिनिटाला ११० ते १६० पडणारे ठोके ५०-६० वर येतात. पूर्ण ब्लॉक झाला की तो सहसा सुटत नाही, जन्मानंतर पेसमेकर लागू शकतो. धोक्याचा काळ साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्याचा, म्हणून तेव्हा बाळाच्या हृदयाची इको करतात. बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणींची बाळं यातून सुटतात, हे मात्र रिपोर्टवर कुणी छापत नाही.

आणि औषध? २०२० मध्ये कोविडच्या नावाने लोकांनी केमिस्टकडे रांगा लावून संपवलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आठवते? कोविडवर तिचा उपयोग झाला नाही, ल्युपसवाल्यांची मात्र पंचाईत झाली. त्याच वर्षी एक अभ्यास आला. आधीच्या बाळाला हार्ट ब्लॉक झालेल्या आयांमध्ये पुन्हा तसं होण्याचं प्रमाण एरवी सुमारे १८ टक्के, या गोळीने ते ७.४ टक्क्यांवर आलं. ‘दिवस गेले, आता सगळ्या गोळ्या बंद’ हा घरगुती सल्ला इथे महागात पडतो. बंद करायची ती मेथोट्रेक्सेट, तीही दिवस राहण्याच्या आधी, डॉक्टरांना विचारून.

दुसरी भानगड अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीजची. यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, वारंवार गर्भपात होतो आणि दोष ‘जड उचललं असशील’ म्हणून बाईलाच. एका टेस्टवर निकाल लावायचा नसतो, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. गुठळ्या किंवा गर्भपाताचा इतिहास असेल आणि दोन्हीदा पॉझिटिव्ह आली, तर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं. पुष्कळजणींची ओटी त्यावर भरली आहे. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, १९५७ मध्ये रक्तगटांच्या कामासाठी सुरू झालेली. असल्या अँटीबॉडीजवर तिथे बरीच वर्षं काम झालंय, म्हणजे हे काही फक्त अमेरिकेतलं प्रकरण नाही.

आकडे वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. गर्भारपणात ईएसआर वाढतोच, त्यावरून आजार उसळला असं ठरत नाही. उलट सी३ आणि सी४ गर्भारपणात एरवी चढतात, त्यामुळे लॅबने ‘नॉर्मल’ लिहिलेला आकडाही घसरलेला असू शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीचा रिपोर्ट फाइलमध्ये हवा, तुलना त्याच्याशी. आजार किमान सहा महिने शांत असेल तेव्हाच चान्स घ्या, असं डॉक्टर म्हणतात.

मैत्रिणीने ते सहा महिने कॅलेंडरवर मोजले. सासूबाईंना तारीख सांगून टाकली, रोजची विचारपूस बंद! सध्या तिला विसावा आठवडा चालू आहे. मागच्या इकोत बाळाचे ठोके १४५ होते.