अतिविष विष नाही, बचनाग मात्र आहे

ऋतू बदलला की नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत ठरलेली औषधे बाहेर निघतात. सर्दी-तापाला त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या किंवा होमिओपॅथीची 'अ‍ॅकोनाइट'ची बाटली, तान्ह्या बाळाला बाळगुटीतले अतिविष आणि खोकल्याला मधात कलौंजी. या चारही औषधांत एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. वनस्पतिशास्त्रात त्याला मोरवेल कुल, म्हणजेच रॅनन्क्युलेसी म्हणतात. चारही औषधांबद्दल आपण एकच वाक्य बोलतो, 'झाडपाल्याचे आहे, अपाय होत नाही.' हे वाक्य सोडून देण्याची वेळ आली आहे.

त्रिभुवनकीर्तीत सुंठ, मिरी, पिंपळीबरोबर हिंगूळ आणि बचनागही असतो. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज. बचनागाच्या मुळातले अ‍ॅकोनिटिन हृदयाच्या आणि नसांच्या पेशींत सोडियम आत घेणारी दारे उघडीच ठेवते. आधी ओठ-जिभेला मुंग्या येतात, मग उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात. त्याचे अवघे काही मिलिग्रॅम जीवघेणे ठरू शकतात आणि त्यावर नेमका उतारा नाही. आयुर्वेदाला हे ठाऊक होते, म्हणूनच बचनाग गोमूत्रात भिजवून किंवा दुधात शिजवून शुद्ध करायला सांगितले आहे. या प्रक्रियेत अ‍ॅकोनिटिनचे विघटन होऊन विषारीपणा बराच कमी होतो, पण संपत नाही. म्हणजे शोधन नीट झाले का आणि मात्रा किती, यावर सगळे अवलंबून आहे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घ्यायची ही गोळी नव्हे.

'अ‍ॅकोनाइट' त्याच जातीच्या वनस्पतीपासून बनते, पण तिथली गोष्ट उलटी आहे. '30' पोटेन्सी म्हणजे शंभरात एक भाग, असे तीस वेळा विरळ करणे. बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. त्यामुळे अशा गोळीने विषबाधा होत नाही, पण तिने ताप उतरतो याला भरवशाचा पुरावाही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असाच निष्कर्ष काढला. इथे नुकसान होते ते वेळेचे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा डेंगीची शंका असली, तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहणे महागात पडते. याच वनस्पतीचा मूळ अर्क, म्हणजे मदर टिंक्चर, मात्र विरळ केलेला नसतो. तो विषारीच समजावा.

अतिविष नावाने भयंकर, पण बचनागाच्या मानाने खूपच सौम्य. अडचण वेगळीच आहे. ते हिमालयातून येते, महाग असते आणि वाळलेली मुळे एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे भेसळीला वाव राहतो. सहाणेवर दोन वळसे उगाळताना आपण नेमके काय उगाळतोय, हे आजीलाही सांगता येणार नाही. शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुटी त्यात बसत नाही. स्वयंपाकातली कलौंजी तेवढी निर्धास्त खावी, पण मधुमेहाच्या गोळ्या सोडून नव्हे.

कायद्याने यातला एक धोका ओळखला आहे. औषधे नियम, 1945 च्या 'ई-1' यादीत वत्सनाभ, म्हणजे बचनाग आहे आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. पण कागदात बांधून सुट्या गोळ्या दिल्या की ती सूचना दुकानातच राहते. सुटी विक्री थांबलीच पाहिजे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे काष्ठौषधी ओळखणारे जाणकार आहेत. आठवड्यातून एक दिवस लोकांनी आणलेली मुळे तिथे तपासून मिळाली, तर मोठे काम होईल.

तोवर औषध कोणत्या पॅथीचे आहे यापेक्षा त्यात काय आहे, किती आहे आणि ते कुणी दिले, हे विचारावे. गोळी घेतल्यावर ओठ किंवा जीभ बधिर झाली, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे.