कपिलधारचा आवाज घरी आणताना

गेल्या श्रावणात आम्ही घरचे सात जण कपिलधारला गेलो होतो. बीडहून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की बालाघाटच्या डोंगरात हे स्थान लागते. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे लिंगायत बांधवांचे ते मोठे श्रद्धास्थान; कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. पावसाळ्यात मात्र आमच्यासारखी इतर कुटुंबेही धबधबा पाहायला जातात. सगळे भिजत होते, फोटो काढत होते; माझा पुतण्या तेवढा मित्राकडून मागून आणलेले छोटे ध्वनिमुद्रण-यंत्र दगडावर ठेवून अर्धा तास एका जागी बसून होता. “पाण्याच्या आवाजात खालचे, मधले, वरचे सगळे स्वर एकदम असतात, काकाजी. स्पीकर खरा की खोटा, ते यावरून कळते,” असे तो म्हणाला.

ज्या स्पीकरसाठी ही खटपट चालली होती, ते दोन महिन्यांपूर्वीच घरी आले होते. पुण्याच्या मामांनी तरुणपणी इंग्लंडहून आणलेली ही जोडी, त्यांच्या पश्चात मामींनी आमच्याकडे पाठवली. सोनेरी-तपकिरी जाळीचे, किंचित बाक दिलेले दोन पाट. दुकानातल्या एका गड्याने ते पाहून “शेठ, हे हीटर कुठे ठेवू?” असे विचारले, त्यात त्याची काही चूक नव्हती. हा ‘क्वाड’ कंपनीचा १९५७ सालचा प्रसिद्ध नमुना. पीटर वॉकर या इंग्रज गृहस्थांनी हंटिंग्डन येथील आपल्या कारखान्यात तो तयार केला आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षे तो विकला गेला. त्यात कागदाचा शंकू नाही, लोहचुंबक नाही. सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि त्या पडद्यावर कायम विद्युत्भार ठेवलेला असतो: खालच्या स्वरांच्या भागावर सुमारे ६००० व्होल्ट, वरच्या स्वरांच्या भागावर १५००. पत्र्यांवर गाण्याचा विद्युत्दाब बदलत गेला की पडदा पुढे-मागे ओढला जातो आणि सारा पडदा एकदम हवा हलवतो. यालाच इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणतात. म्हणून या स्पीकरला तारेबरोबर विजेचा प्लगही लागतो. ही विद्या आपल्याकडे अगदीच परकी नाही. पुण्याच्या ‘केडन्स’ने असा पडदा आणि नेहमीचा शंकूचा स्पीकर यांची जोड घालून स्पीकर बनवले, त्यांच्यासाठी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही बनवले आणि ते परदेशात विकले.

स्पीकर आले, पण त्यांना चालवायचे कशाने? पुतण्याने ठरवले की व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या संचातून स्वतःच्या हाताने जोडायचा. माझा धाकटा भाऊ म्हणजे त्याचे वडील. त्यांनी संध्याकाळी पेढीवर येऊन मला स्पष्ट सांगितले, “दादा, तुमचे तो ऐकतो. त्याला नाही म्हणा.” पैशाची गोष्ट असती तर मी लगेच नाही म्हटले असते. पण त्यांच्या बोलण्यात पैसा नव्हता, भीती होती. आणि ती अनाठायी नव्हती. या यंत्राच्या पोटात ४०० व्होल्टच्या वर एकदिश प्रवाह असतो. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही वेळ दबा धरून बसतो. त्यामुळे नाही म्हणण्यापूर्वी एकदा सगळा हिशोब पाहून घ्यावा, असे मी ठरवले.

पुतण्यासमोर तीन संच होते. पहिला सर्वांत देखणा: एका बाजूस एकच मोठा ‘३०० बी’ व्हॉल्व्ह, आठ वॅट, आणि भोवती भरपूर स्तुती. दुसरा ताकदवान, ६० वॅटचा. तिसरा अमेरिकेतील ‘डायनाको स्टिरिओ ७०’च्या धर्तीचा, दोन्ही बाजूंस ३५-३५ वॅट, ‘ईएल ३४’ जातीचे चार व्हॉल्व्ह. डेव्हिड हाफलर यांच्या कंपनीने हा नमुना १९५९ मध्ये बाजारात आणला आणि हजारो लोकांनी तो घरच्या टेबलावर जोडला. त्याच आराखड्यावरचे संच आजही निघतात.

आता गिऱ्हाईक ओळखूनच माल दाखवावा लागतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. या स्पीकरचे लक्षण असे की तो विजेच्या दृष्टीने एक मोठा कपॅसिटर आहे. स्वर जसजसा वर जातो तसतसा त्याचा विरोध कमी होत जातो. मधल्या पट्टीत पंधरा-सोळा ओहमच्या वर असलेला हा विरोध अगदी वरच्या टोकाला १.८ ओहमपर्यंत उतरतो. साधा स्पीकर ठरलेल्या भावाने माल उचलतो. हा मात्र तार सप्तकापलीकडे गेला की एकदम आठपट-नऊपट मागणी करतो. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत विरोध किती, यावर सारे अवलंबून असते. पहिल्या देखण्या संचाचा तो सुमारे तीन ओहम होता. मी वहीत मांडून पाहिले: मधल्या स्वरांच्या तुलनेत वरच्या टोकाचे स्वर सात डेसिबलांनी दबणार. म्हणजे तंबोऱ्याची जवार गेली, झांजेची कड गेली. उरले ते गोडगोड. पुष्कळांना तोच गोडवा व्हॉल्व्हचा गुण वाटतो, हे मला ठाऊक आहे. मला तो कमी भरलेल्या मापासारखा वाटतो. डायनाकोच्या धर्तीच्या संचात हा विरोध आठ ओहमच्या जोडणीवर अर्ध्या ओहमच्या आसपास, आणि तूट सुमारे दोन डेसिबल. ती चालते.

मग ६० वॅटचा का नको? जास्त असले तर बिघडले कुठे? बिघडते. हा पडदा ३३ व्होल्टच्या शिखरापर्यंतच दाब सोसतो. त्यापुढे आत ठिणगी पडते आणि पडद्याला भोक पडते. ६० वॅटचा संच सोळा ओहमच्या जोडणीवर ४४ व्होल्टच्या जवळ जातो. ३५ वॅटचा त्याच जोडणीवर बरोबर ३३च्या काठावर येतो. आठ ओहमच्या जोडणीवर मात्र २४च्या आतच राहतो. म्हणून ३५ वॅटचा, आणि तारा आठ ओहमवर. वॉकर यांनी स्वतः या स्पीकरला आपला १५ वॅटचाच अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला होता, हे लक्षात घेतले की मन निवते.

हे सारे कळण्याआधी आम्ही एक चूक करून बसलो होतो, ती सांगितली पाहिजे. स्पीकर आले त्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात लग्नसमारंभासाठी वापरतात तसला मोठा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणून जोडला. दुसऱ्याच मिनिटाला डाव्या पाटातून ‘कडक्’ असा आवाज आला. नशिबाने भोक पडले नाही. मामींना मात्र हे आम्ही अजून कळवलेले नाही.

संच निवडताना पुतण्याचे सगळे लक्ष व्हॉल्व्हच्या नावांकडे होते. व्हॉल्व्ह पुढे केव्हाही बदलता येतात. खरी किंमत असते ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची, त्या काळ्या, जड लोखंडी ठोकळ्याची. जुना स्टिरिओ ७० साडेचौदा किलो भरत असे आणि त्यातला बराचसा भार या लोखंडाचा होता. जिथे वजन कमी, तिथे काहीतरी वाचवलेले असते. दुसरी गोष्ट, त्याने जवळजवळ मागवलेला संच ११७ व्होल्टचा होता! आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० आवर्तने. ६० आवर्तनांसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर येथे विनाकारण तापतो. तिसरी गोष्ट मूळ नमुन्यातल्या ‘७१९९’ या लहान व्हॉल्व्हची. तो आता सहज मिळत नाही, म्हणून सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हवर बेतलेली सुधारित पाटी असलेलाच संच घेतला. वीज किती जाते तेही पाहिले: सुमारे १४० वॅट. रोज चार तास ऐकले तरी अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त.

भावाची भीती उरली होती. शहरात एक वयस्कर रेडिओ दुरुस्त करणारे आहेत. त्यांनी व्हॉल्व्हच्या रेडिओंवर आयुष्य काढले. ते दर रविवारी सकाळी येतील आणि ते समोर असल्याशिवाय पोराने वीज जोडायची नाही, असे ठरले. त्यांचे नियम थोडे आणि कडक होते. एक हात खिशात. पायात रबरी चप्पल. आत हात घालण्यापूर्वी कपॅसिटर रिकामा करायचा आणि मल्टिमीटरने शून्य पाहायचे. पाहिल्यावरही पुन्हा पाहायचे. पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. अर्थिंगची तार नवी टाकून घेतली. मधल्या एका रविवारी भाऊ दाराशी उभे राहून तासभर पाहत होते. बोलले काहीच नाहीत.

जोडणी पूर्ण झाल्यावर व्हॉल्व्हचा प्रवाह बसवायचा असतो. डायनाकोने त्याची युक्ती मोठी सोपी ठेवली होती: मीटरवर १.५६ व्होल्ट आणायचे. टॉर्चच्या कोऱ्या सेलचा दाब तेवढाच असतो. त्यामुळे मीटर हलका असला तरी सेल लावून तपासून घेता येतो. मग आठ ओहमच्या रेझिस्टरला दोन मायक्रोफॅराडचा कपॅसिटर समांतर जोडून खोटा स्पीकर तयार केला आणि पुतण्याच्या महाविद्यालयातील ऑसिलोस्कोपवर चौकोनी लहर पाहिली. कपॅसिटरसारख्या भारावर काही अ‍ॅम्प्लिफायर बिथरतात, स्वतःच शिट्टी घालू लागतात, ती कानाला ऐकूही येत नाही आणि व्हॉल्व्ह जळून जातात. आमच्या लहरीच्या कोपऱ्यावर दोन-तीन कंप उठले आणि शमले. रेडिओवाले म्हणाले, “चालेल.”

आक्षेप शेवटी आला तो आईकडून, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याच हिशोबात नव्हता. पहिल्या संध्याकाळी यंत्र लावले, व्हॉल्व्ह नारिंगी उजळले, आणि पाचच मिनिटांत खिडकीतून आलेला एक पतंग त्या काचेवर जाऊन चिकटला. काच इतकी तापते की हात लावता येत नाही. आईने काही न बोलता उठून बटण बंद केले. “हा दिवा आहे. दिवे लागल्यावर हा नको,” एवढेच म्हणाली. चातुर्मास चालू होता. पुतण्याने वाद घातला नाही. व्हॉल्व्हवर बारीक जाळीचा पिंजरा बसवला, मात्र हवा खेळती राहील इतका उंच. खिडक्यांना जाळ्या लावल्या. स्पीकरच्या पडद्यावरची धूळ अडवणारी पातळ झिल्लीही तपासून घेतली, कारण ६००० व्होल्टच्या जवळ जाणारा कीटक वाचत नाही. आणि चातुर्मास संपेपर्यंत यंत्र सूर्यास्तापूर्वी बंद, असा नियम झाला. दुकान सोडून दिवसा ऐकायला सवड कोणाला, ही माझी कुरकुर कोणी मनावर घेतली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढले; ते मागच्या बाजूनेही तितकेच वाजतात, म्हणून भिंतीला टेकवून चालत नाही. पुतण्याने कपिलधारचे मुद्रण लावले. दुकानातल्या जुन्या संचावर हेच मुद्रण कढईत भजी तळल्यासारखे वाजले होते. येथे पाणी पडू लागले. वरून फुटून येणारी धार वेगळी, खडकावर आपटणारी वेगळी, खाली वाहून जाणारी वेगळी. दूर कुठेतरी टाळ वाजत होते, ते आम्हाला त्या दिवशी तेथे ऐकूही आले नव्हते. भाऊ उभे होते, ते खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात पाण्याच्या अलीकडे, अगदी जवळून, आईचा आवाज आला: “मागे सर रे, दगड निसरडा आहे.” स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि कोण बोलले म्हणून इकडेतिकडे पाहू लागली.

भावाने पुन्हा लाव म्हणून सांगितले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी पुतण्याने घड्याळाकडे पाहिले, सूर्यास्ताला सात मिनिटे उरली होती, आणि बटण बंद केले.