पुस्तक देताना आधी सांगावं ते

मिरची घेताना आपण दुकानदाराला दोन गोष्टी विचारतो. रंग कसा आणि तिखट किती? ब्याडगी लालभडक दिसते, पण जिभेला फारशी झोंबत नाही. संकेश्वरीचं तसं नाही. पुस्तक घेताना मात्र आपण रंगच तेवढा विचारतो. लेखक कोण, पुरस्कार कुठला. तिखट किती, हे घेणारा विचारत नाही आणि देणाराही सांगत नाही.

ते सांगावं, असं माझं मत आहे. आमच्या नात्यातल्या एका वहिनींच्या भावानं आत्महत्या केली. वर्षभरानं, मन रमावं म्हणून कुणीतरी त्यांना एक कादंबरी दिली. तीत नेमका तोच प्रसंग, तोही बारकाव्यांसकट. पुढे कित्येक महिने वहिनींनी पुस्तकाला हात लावला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "वाचू नका, असं कुणी सांगायला नको होतं. आत काय आहे ते सांगितलं असतं, तर मी माझ्या सवडीनं वाचलं असतं."

म्हणून या वेळी चार पुस्तकांबद्दल लिहिताना प्रत्येकासोबत एक सूचनाही देते. आपल्याकडे सासूबाई मराठी वाचतात, सूनबाई कन्नड आणि नातवंडं इंग्रजी. एका घरात आलेलं पुस्तक किती जणांच्या हातांतून जाईल, याचा नेम नसतो.

'जिणं आमुचं' हे बेबी कांबळे यांचं पुस्तक १९८६ चं. फलटण भागातल्या महारवाड्यातलं जगणं बाईंनी घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि कितीतरी वर्षं ते तसंच लपवून ठेवलं.
सूचना - भूक, बालविवाह, सुनांचा छळ, बाळंतिणींचे हाल, अर्भकांचे मृत्यू. जातीवरून होणारा अपमान तर जागोजागी. ज्यांनी हे सोसलंय त्यांची खपली निघेल, त्यांनी बेतानं वाचावं. ज्यांच्या घरात या गोष्टी कधी बोलल्याच गेल्या नाहीत, त्यांनी मात्र अस्वस्थ वाटलं म्हणून पुस्तक मिटू नये.

एस. एल. भैरप्पा (१९३१–२०२५) यांची 'पर्व' ही कादंबरी १९७९ ची. मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली, त्यामुळे एकाच घरात ती दोन भाषांत वाचता येते. वर नाहीत, शाप नाहीत, चमत्कार नाहीत, असं हे महाभारत. मला ते काही ठिकाणी लांबलेलं वाटलं, पण कुंती आणि द्रौपदी यांच्या मनातलं वाचण्यासाठी तरी हातात घ्यावं.
सूचना - नियोगाबद्दल मोकळेपणानं लिहिलंय. युद्धभूमीवरची घाण आणि प्रेतं यांची वर्णनं जेवणाआधी वाचू नयेत. पोथी म्हणून महाभारत वाचणाऱ्या आजी-आजोबांना आधी कल्पना द्यावी.

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' जेमतेम शंभरेक पानांची. हा शब्द कोशात शोधू नका, गोष्टीतल्या एका घरानं तो स्वतःपुरता बनवलाय. मसाल्याच्या धंद्यात अचानक पैसा आलेलं बंगळूरचं एकत्र कुटुंब, घरातल्या मुंग्या आणि नव्या सुनेचे प्रश्न. वाचताना हसू येतं.
सूचना - रक्तपात कुठे नाही. पण घरची माणसं एकजूट करून बाहेरून आलेल्या बाईशी कशी वागतात, ते वाचताना काळजात धस्स होतं. दिसायला ब्याडगी, चवीला संकेश्वरी.

बानू मुश्ताक यांच्या बारा कथांच्या 'हार्ट लॅम्प' या संग्रहाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. कन्नडमधून इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. मुस्लिम घरांतल्या बायकांच्या या गोष्टी आहेत. त्या 'त्यांच्याकडचं' म्हणून वाचल्या तर काहीच हाती लागणार नाही. नवऱ्यानं टाकलेली लेक माहेरच्या उंबऱ्यात उभी राहते, तेव्हा आपल्याकडेही आधी शेजारी काय म्हणतील, याचाच विचार होतो.
सूचना - शीर्षककथेत आत्महत्येचा विचार येतो. एका कथेत लहान मुलांच्या सुंतेचं वर्णन आहे. बाळंतपणातल्या वेदना आहेत. वहिनींना हे पुस्तक देताना मी एवढंच सांगितलं, शेवट सांगितला नाही. त्यांनी ती कथा सोडून बाकीच्या आधी वाचल्या. ती मागाहून, भर दुपारी, घरात माणसं असताना वाचली.

सूचना देताना विषय सांगावा, गोष्ट फोडू नये. आणि सूचनेच्या नावाखाली पुस्तक काढून घेऊ नये. विशेषतः मुलींच्या हातून. आपल्या घरात त्यांना 'हे तुझ्यासाठी नाही' असं ऐकवणारे आधीच पुष्कळ असतात.

वाचून झालं की एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ती पुस्तकात ठेवावी, मराठीत किंवा कन्नडमध्ये. वाचनालयाचं पुस्तक असेल तर त्यावर पेननं काही लिहू नका, चिठ्ठी पुरे.