चवीची किंमत आणि किमतीची चव

'स्वस्त' या शब्दाला आपल्या व्यवहारात दोन अर्थ आहेत. धान्य स्वस्त झाले की आपण समाधान मानतो. परंतु एखादी जिन्नस फार स्वस्त आहे असे कळताच तिच्याविषयी मनात संशय उत्पन्न होतो. वाइनच्या बाबतीत हा संशय जगभर इतका दृढ झाला आहे, की बाटलीची किंमत आधी पाहावी आणि चव मागाहून ठरवावी, अशी जणू रीतच पडून गेली आहे. स्पेनच्या अल्पमोली तांबड्या वाइन ही रीत खोटी ठरवतात. मात्र त्याचबरोबर त्या दुसरा, अधिक अवघड प्रश्नही उभा करतात. तो असा, की एखादी वस्तू स्वस्त असण्याची किंमत शेवटी कोण मोजतो?

स्पेनमध्ये वाइन ही मुळात चैनीची वस्तू नव्हे. तेथील साध्या खाणावळींत दुपारी 'मेनू देल दिया', म्हणजे दिवसाचे ठरीव जेवण मिळते. १९६० च्या दशकात पर्यटन खात्याने या पद्धतीला सरकारी रूप दिले आणि पुढे ती गवंड्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडली. दोन पदार्थ, पाव, शेवटी फळ किंवा काही गोड, आणि पेय म्हणून पुष्कळदा वाइन, हे सारे एकाच दरात येते. द्राक्षमळे व वाइन यांविषयीच्या २००३ च्या स्पॅनिश कायद्याने तर वाइनची व्याख्याच मुळी 'नैसर्गिक अन्न' अशी केली आहे, आणि साध्या वाइनवरील अबकारी कराचा दर तेथे शून्य आहे. आपल्याकडे मद्य म्हटले की ते एक तर व्यसन असते किंवा प्रतिष्ठेचे लक्षण असते. पावाच्या शेजारचे साधे स्थान त्याला असू शकते, ही कल्पनाच आपल्याला अपरिचित आहे.

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये, की प्रस्तुत लेखक मद्यपानाचा पुरस्कार करीत आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला सर्वथा निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि कायद्याने 'अन्न' म्हटल्यामुळे ते सत्य बदलत नाही. जो पीत नाही त्याने प्यावे, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. परंतु पारख हा गुण चहा, गूळ किंवा आंबा यांच्या बाबतीत जसा कामी येतो, तसाच तो येथेही येतो. आणि तो पैशाने नव्हे, तर लक्षपूर्वक चाखण्याने येतो, एवढेच सांगावयाचे आहे.

चार बाटल्या पुढ्यात आहेत अशी कल्पना करू. चारही स्पेनमधल्या दुकानात साधारण पाच ते आठ युरोंत मिळणाऱ्या. पहिली उत्तरेकडील रिओहा प्रांतातली, पिंपात न मुरवलेली कोवळी वाइन. तिचे द्राक्ष टेम्प्रानियो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर, आणि हे द्राक्ष लवकर पिकते म्हणून त्याचे हे नाव. तिच्यात ताज्या तांबड्या फळांचा वास आणि हलका तुरटपणा असतो. दुसरी त्याच प्रांतातली 'क्रियांसा', निदान दोन वर्षे मुरलेली आणि त्यांपैकी एक वर्ष ओकच्या पिंपात काढलेली. रिओहात अमेरिकन ओक वापरण्याची जुनी परंपरा आहे. त्यामुळे तिच्यात व्हॅनिलाचा, क्वचित खोबऱ्याचाही भास होतो. तिसरी आरागोनमधील काम्पो दे बोर्हा येथील गार्नाचा, मऊ, रसाळ आणि किंचित मसालेदार. चौथी मुर्सियाकडच्या हुमिया येथील मोनास्त्रेल, रंगाने काळसर, दाट आणि रणरणत्या उन्हाची साक्ष देणारी. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण पुष्कळदा १४ ते १५ टक्के असते.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे असावा. आधी वास घ्यावा, मग लहानसा घोट जिभेवर क्षणभर खेळवावा. त्यानंतर एक घास खाऊन पुन्हा घोट घ्यावा. पहिल्या आणि दुसऱ्या घोटांत जो फरक पडतो, तोच जेवणाशी जुळण्याचा वा न जुळण्याचा पुरावा. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम थंड देशांतील जुन्या घरांत जन्मला. तो उन्हाळ्यात पाळण्यात शहाणपण नाही. सोळा-सतरा अंशांपर्यंत बाटली गार केली, तर स्वस्त वाइनचा रांगडेपणा बराच कमी होतो.

वेष्टनावरील शब्दांनीही दबून जाऊ नये. क्रियांसा दोन वर्षांची, रेसेर्वा तीन वर्षांची, ग्रान रेसेर्वा पाच वर्षांची; हे शब्द वाइनचे किमान वय सांगतात, तिची योग्यता नव्हे. वय वाढले म्हणजे गुण वाढतोच असे नाही, हे वाइनइतकेच माणसांनाही लागू आहे. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक वेळा, किंमत न सांगता वाइन चाखायला दिली गेली. ज्यांना वाइनचे शिक्षण नव्हते, त्यांना महागडी वाइन अधिक आवडली नाही. उलट किंचित कमीच आवडली. याचा अर्थ महागडी वाइन वाईट असा नाही. आपण आवडीपोटी जे पैसे मोजतो असे समजतो, ते पुष्कळदा आकड्यासाठी मोजतो, एवढाच त्याचा अर्थ.

जेवणाशी मेळ घालण्याचे शास्त्रही वाटते तितके गूढ नाही. तांबड्या वाइनचा तुरटपणा प्रथिने आणि चरबी यांच्या संगतीत निवळतो. रिओहातील शेतकरी छाटलेल्या द्राक्षकाड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या भाजतात आणि त्यांसोबत तेथलीच कोवळी वाइन पितात. ज्या वेलीची वाइन, तिच्याच काड्यांचा जाळ! बटाटे आणि तांबड्या मिरचीपुडीचे चोरिसो सॉसेज एकत्र शिजवून केलेल्या रिओहाच्या रश्शाशी क्रियांसा शोभते. हुमियाकडे सशाच्या रश्शात बेखमीर पोळीचे तुकडे सोडून शिजवतात. आपल्या चकोल्यांची आठवण करून देणाऱ्या त्या पदार्थापुढे मोनास्त्रेलचा जडपणा जड वाटत नाही. मेंढीच्या दुधाचे मांचेगो चीज, किंवा टोमॅटो, ढोबळी मिरची आदी भाज्या मंद आचेवर शिजवून केलेले 'पिस्तो' असेल, तर गार्नाचा पुरेशी आहे. उलट सिरका घातलेले थंड गाझपाचो सूप समोर असताना तांबडी वाइन दूरच ठेवावी. तेथे दोघांचीही चव बिघडते.

हे नियम आपल्या स्वयंपाकघरात जसेच्या तसे आणता येणार नाहीत. नाशिकच्या परिसरातही टेम्प्रानियोची लागवड झाली आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशी गेलेल्या मराठी माणसापुरता उरलेला नाही. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि तुरटपणा कडवट होतो. म्हणून ठेच्याशेजारी मोनास्त्रेल ठेवणे हा दोघांवरही अन्याय आहे. बेताच्या तिखटाचे, चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि किंचित गार केलेली कोवळी गार्नाचा यांचे मात्र जमू शकेल. अर्थात जेथे जमत नाही तेथे ताक आहेच, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळू. स्पेनची वाइन स्वस्त का? कोरड्या हवेमुळे बुरशीचे रोग कमी, सहकारी कारखान्यांमुळे व्यवस्थेचा खर्च कमी, आणि कर नाममात्र, ही निर्दोष कारणे झाली. परंतु एक कारण निर्दोष नाही. या वाइनला दीर्घकाळ स्वतःचे नावच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी रिओहात आले ते आपली तूट भरून काढण्यासाठी. आजही स्पेनच्या निर्यातीचा मोठा भाग टँकरमधून निनावी बाहेर जातो. एप्रिल २०१६ मध्ये सीमेजवळ फ्रेंच द्राक्षउत्पादकांनी स्पेनहून आलेले असे टँकर अडवून हजारो लिटर वाइन रस्त्यावर ओतून दिली. ज्या मालाला गाव नाही, नाव नाही, त्याला राखणारेही कोणी नसते.

त्याची झळ बसते ती जुन्या मळ्यांना. मांडवाशिवाय वाढलेल्या, झुडपासारख्या बुटक्या वेली. पाणी तुटपुंजे म्हणून एकमेकींपासून दूर लावलेल्या. फळ थोडे, पण रस सकस. द्राक्षाला किलोमागे भाव मिळतो तेव्हा अशी वेल परवडत नाही. युरोपीय संघाने २००८ च्या सुधारणांनंतर तीन हंगामांत १ लाख ७५ हजार हेक्टर मळे उपटण्यासाठी अनुदान देऊ केले, आणि त्यात स्पेनमधील मळ्यांचा वाटा मोठा होता. एकदा उपटलेली साठ वर्षांची वेल परत मिळवायला साठच वर्षे लागतात. अनुदानाने हा हिशेब बदलत नाही.

म्हणून स्वस्त आणि कवडीमोल यांत भेद केला पाहिजे. दोन युरोंची निनावी बाटली आणि सहा युरोंची, गावाचे व द्राक्षाचे नाव सांगणारी बाटली, या दोन्ही श्रीमंतांच्या दृष्टीने स्वस्तच. पण पहिलीत शेतकरी हरवतो, दुसरीत तो टिकण्याची शक्यता तरी असते. चांगल्या चवीसाठी फार पैसे लागत नाहीत, हा सामान्य माणसाला दिलासा आहे. त्या चवीमागील कष्टांना मात्र पुरेसे पैसे लागतात, हे त्याचे कर्तव्य आहे. ही गोष्ट वाइनची म्हणून सांगितली. गूळ, तांदूळ आणि कांदा यांच्या बाबतीत ती वेगळी आहे, असे कोण म्हणेल?