परदेशात इंग्रजी अध्यापन : अर्ज तर करा!

परदेश म्हटला की आपल्या पालकांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु परदेशात केवळ शिकायलाच नव्हे, तर शिकवायलाही जाता येते, ही गोष्ट आपल्या वसतिगृहाच्या उंबरठ्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणारा ‘एपिक’ हा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्याच देशांच्या नागरिकांना त्यात स्थान होते. भारत-कोरिया व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला आणि ही वाट भारतीयांनाही खुली झाली. मात्र आपल्याकडून पदवीबरोबरच इंग्रजी अध्यापनाची अधिकृत पात्रता मागितली जाते. नेमणूक एका वर्षाच्या कराराने होते. वेतनासोबत निवासाचीही सोय असते.

एम.ए., बी.एड. झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीस मी हे सुचविले. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात ती शिकवीत होती. ती म्हणाली, “सर, माझं इंग्रजी वसतिगृहातलं. तिथं कोण ऐकून घेणार?”

मला वाटते, नेमके हेच तिचे बळ आहे. मराठीप्रमाणे कोरियन भाषेतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘द’सारखे उपपद नसते. तेथील मूल जिथे अडखळते, तिथे आपणही कधी काळी अडखळलो होतो. ज्याला इंग्रजी आईच्या मांडीवर मिळाली, त्याला ही अडचण सांगून समजते. आपल्याला ती अनुभवाने ठाऊक असते.

अखेर तिने अर्ज करावयाचे ठरविले. निबंध लिहिला, पाठाचे टाचण केले, शिफारसपत्रे मिळविली. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. शाळेच्या कागदपत्रांवरील आडनावाचे स्पेलिंग आणि पासपोर्टवरील स्पेलिंग जुळेना. पदवी प्रमाणपत्राची पडताळणी, त्यावरील अपोस्टिल, पोलिसांचा चारित्र्य दाखला या साऱ्यांत नाव अक्षरशः एकच लागते. दुरुस्ती होईतो मुदत टळली. तिची गुणवत्ता कमी पडली नाही. आमच्याच एका नोंदीने तिला एक संधी मागे ठेवले. याची खंत मला आहे.

म्हणून संस्थेस माझी विनंती आहे की दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव पालकांसमक्ष तपासावे. माजी विद्यार्थी संघाने अर्ज वाचून देणारे, मुलाखतीचा सराव घेणारे चार जण पुढे आणावेत. अर्ज थेट करता येतो. दलालाच्या हाती पैसे देण्याचे कारण नाही.

‘आपलीच मुले शिकवायची राहिली असताना परदेशी कशाला?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कायम नोकरीच्या आशेवर वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या शिक्षकाला केवळ भावनेच्या दोरीने बांधून ठेवणे न्याय्य नव्हे. जो जाईल त्याने एवढेच लक्षात ठेवावे, की सुटीत आल्यावर एक दिवस या वर्गात उभे राहायचे आहे. समोर बसलेल्या मुलांना ‘तिथे कोण ऐकून घेणार?’ या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी दिसेल.

त्या विद्यार्थिनीचे कागद आता जुळले आहेत. तिने पुन्हा अर्ज केला आहे.