पुठ्ठ्याच्या यानाला हसण्यापूर्वी

दूरदर्शनवरील केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' (१९९८) ही मालिका आज पुन्हा पाहणारे जाणकार तिच्या बाळबोध चमत्कृतींना हसतात. हसोत बापडे! पैनगंगेच्या दक्षिणेस, आमच्या जैनथसारख्या गावी घरात मराठी आणि पडद्यावरचे अंतराळ मात्र हिंदीत, याची खंत त्यांना नाही. वास्तविक जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' कथेने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ सालीच पारितोषिक पटकावले होते, तेही टोपणनावाने! कथा घरातच होती. ती पडद्यावर नेण्याची उमेद कोणी दाखवली? आता जुन्या मालिकांच्या जतनाच्या गप्पा चालतात. बीबीसीने 'डॉक्टर हू'चे कित्येक भाग पुसले. रसिकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेले संवाद तेवढे उरले. आपल्या मराठीत पुसण्याजोगे तरी कितीसे निर्माण झाले होते?