फलक लावला, जबाबदारी संपली?

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारी, १५ जून २०२५ला कोसळला. चार जीव गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले आणि लगोलग सारे खापर पर्यटकांवर फुटले. धोक्याचा फलक होता, तरी लोक गेलेच कसे, असा सवाल केला गेला.

त्या अरुंद पुलावर शंभरावर माणसे चढली, दुचाक्याही घातल्या गेल्या. हा बेफिकीरपणाच. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे झुंबड उडते, हे प्रशासनाला ठाऊक नव्हते काय? नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर होते. मग जुन्या पुलाची दोन्ही टोके पक्की बंद करायला कोणी अडवले होते? एक पत्रा रोवून मोकळ्या झालेल्या यंत्रणेनेच हे बळी घेतले आहेत.

त्याआधी ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हाही बंदीचे आदेश निघाले. बंदी म्हणजे नियोजन नव्हे. एका जागी पोलिसांची शिट्टी वाजली की गर्दी पुढच्या ओढ्याकडे सरकते आणि तिथे ना दोर असतो, ना जीवरक्षक.

आणि ही गर्दी आहे तरी कोणाची? चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्यांचीही ती आहे. रिसॉर्टचे तिकीट त्यांना परवडत नाही. शहरातल्या नद्यांची आपण गटारे केली. हीच इंद्रायणी पुढे आळंदीत फेसाळलेली दिसते. पोराबाळांना पाण्यात खेळवायला फुकटची, सुरक्षित जागा शहराने ठेवलीच नाही. म्हणून एका दुचाकीवर चौघे बसून मावळ गाठतात. त्यांना हुल्लडबाज म्हणणे सोपे आहे. त्यांच्यासाठी जागा राखणे हे सरकारचे काम आहे आणि ते झालेले नाही.

गर्दीचे नियोजन अशक्य मुळीच नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर रानफुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या तीन हजारांवर रोखली गेली. ऑनलाइन नोंदणी, प्रवेशशुल्क आणि वाटेवर राखणीला स्थानिक गावांतलीच माणसे, अशी ती व्यवस्था. फुलांसाठी जे जमले, ते माणसांसाठी का जमू नये?

कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर राज्यभरातल्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. तपासणीचा अहवाल जाहीर करा. कुंडमळ्याचा पूल बंद ठेवणे ज्यांच्या अखत्यारीत होते, त्यांच्यावर गुन्हा नोंदवा. आणि पुढच्या रविवारच्या आत प्रत्येक गर्दीच्या धबधब्यावर जीवरक्षक उभे करा.